गुरुवारचा फोन

...आणि एवढं सगळं ऐकून घेतल्यावर त्या फोनवरच्या मॅडम मला शेवटी काय विचारतात, तर "सहादेव सर, तुम्हाला काय वाटतं?" आता मला सांगा, मला काय वाटतं हे मला कळत असतं, तर मी कंपनीतून आजारपणाची रजा काढून, मिरजगावला आईच्या घरामागं, कांदा साठवायच्या चाळीला टेकून, कानाला मोबाईल लावून उभा राहिलो असतो का? माणूस विचारायला जातो ते उत्तर मिळावं म्हणून ना? तुमची गाडी पंक्चर झाली, तुम्ही ढकलत ढकलत दुकानापर्यंत आणली, आणि दुकानवाला हात पुसत म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं, हवा कुठनं जात असेल?"... तर तुम्ही काय कराल? पुढच्या दुकानात जाल. पण माझ्या बाबतीत पुढचं दुकानच नव्हतं.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस मधूनच कुठनं सुरू झाला. मी सहादेव. नगरला, नागापूरच्या एमआयडीसीत, एका कारखान्यात क्वालिटीला आहे. क्वालिटीला म्हणजे फार मोठं काही समजू नका. आमच्याकडं लोखंडी बुश बनतात. बुश म्हणजे जाडजूड अंगठी समजा. गाडीत कुठंतरी आत बसते, कुठं बसते ते गाडीच्या मालकाला जन्मात कळत नाही. तर तो बुश मशीनवरून माझ्या टेबलावर येणार. माझ्या हातात एक गेज, म्हणजे माप तपासायची दांडी. गेजचं एक टोक बुशाच्या भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं टोक जाता कामा नये. तसं झालं तर हिरव्या ट्रेमध्ये, नाही झालं तर लाल ट्रेमध्ये. ओके, ओके, रिजेक्ट, ओके. वर्षानुवर्षं हेच. घरी ताटात भाकरी आली तरी माझा हात ती आधी फिरवून बघायचा. आमची रेश्मा, म्हणजे बायको, म्हणायची, "ओके असेल तर खा."

टेबलावर आम्ही दोघं होतो. दुसरा होता तो पुण्याला निघून गेला. साहेब म्हणाले, "सहादेव, तात्पुरतं तू एकटा बघ जरा." आता कंपनीतलं तात्पुरतं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. लोकांची पोरं तेवढ्यात चालायला लागतात. मी बघत होतो. माल दोघांचा, डोळे एकाचे. आणि मग एक दिवस गिऱ्हाईकाची तक्रार आली, की तुमच्या मालात खराब बुश निघाले. आमचे शिफ्ट सुपरवायझर मुजफ्फरभाई. माणूस वाईट नाही, पण आवाज असा की मशीन बंद करावी लागत नाही, तिच्या वरनं ऐकू येतो. ते म्हणाले, "सहादेव, हे तुझ्या डोळ्यांखालून गेलं कसं?" बास. एवढंच म्हणाले. एकदाच म्हणाले. संध्याकाळी तेच मला चहाला घेऊन गेले, ते विसरूनही गेले. पण मी तो प्रश्न उचलला आणि स्वतःला दिवसभर विचारत बसलो. गेलं कसं? गेलं कसं?

मग सुरू झालं. घराला कुलूप लावायचं, जिना उतरायचा, परत वर जाऊन ओढून बघायचं. गॅसचं बटण बघायचं. गाडीचा स्टँड बघायचा, मग गाडी सोडून गॅसचं बटण बघायचं. आम्ही एका लग्नाला निघालो आणि मी कुलूप बघायला इतक्यांदा वर गेलो, की शेवटी रेश्मा आणि पोरगी लग्नाला जाऊन आल्या तेव्हा मी जिन्यातच होतो. हसू नका, हे खरं आहे. बरं, थोडं हसा.

आणि मग तो दिवस. एक बुश हातात घेतला. गेज लावलं, गेलं. दुसरं टोक लावलं, नाही गेलं. म्हणजे ओके. पण नक्की ना? परत लावलं. ओके. पण मगाशी माझं लक्ष असेल का? परत लावलं. चहाची सुट्टी झाली, सगळे जाऊन आले. मी तोच बुश धरून. मुजफ्फरभाई आले, "काय रे?" म्हटलं, "बघतोय." जेवणाची सुट्टी झाली. "अजून तोच?" "तोच." मागं माल ओतू चाललाय, क्रेटावर क्रेट चढलेत, आणि मी एका अंगठीकडं बघतोय जशी काही ती मला काहीतरी बोलणार आहे. मग मुजफ्फरभाईंनी माझं मनगट धरलं. हळूच, हां. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसानं एवढं हळू धरलं, त्याचंच मला नवल वाटलं. म्हणाले, "दे इकडं." मी मूठ उघडायला गेलो तर मूठ उघडेना. आणि गालावर काहीतरी ओलं लागलं. मी वर बघितलं, म्हटलं पाइप गळतोय की काय. पाइप कोरडा होता.

झालं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, रजा झाली. आता रजेचं तुम्हाला सांगतो, पाय मोडलेला बरा. प्लास्टर दिसतं, लोक त्यावर टिचकी मारून बघतात, समाधान होतं. माझं मी दाखवू काय? जो येतो तो विचारतो, काय झालंय? म्हटलं, टेन्शनचं दुखणं आहे. मग तो मला वरनं खालपर्यंत बघणार आणि म्हणणार, "दिसत तर न्हाई." मी आयुष्यभर माल तपासला, पण मला एवढ्या झटक्यात ओके करणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली.

रेश्मा म्हणाली, "अहो, तुम्ही काही दिवस आईंकडं जा. मी इथं कुलूप बघते." तिचा राग नव्हता हो. ती थकली होती. मी एसटीत बसलो आणि मिरजगावला आलो. घरी आई, थोरला भाऊ राधाकृष्णदादा आणि वहिनी. दादाची लिंबाची बाग. आणि आल्या दिवसापासून घरात माझं नावच बदललं. "रजेवर आलायस तर जरा मोटार चालू करून ये." "रजेवर आलायस तर तलाठ्याकडं चक्कर टाक." "रजेवर आलायस तर वहिनीला बाजारात सोड." एवढी कामं मी नोकरीवर असताना कधी केली नव्हती.

तेवढ्यात कंपनीतून एचआरच्या साहेबांचा फोन. म्हणाले, कंपनीनं नवीन सुविधा घेतली आहे, आजारी रजेवरच्या माणसाला दर गुरुवारी तज्ज्ञ मॅडमचा फोन येईल, घरबसल्या आधार मिळेल. मला बरं वाटलं. म्हटलं चला, तज्ज्ञ आहेत, सांगतील एकदा ओके की रिजेक्ट, विषय संपेल.

गुरुवारी फोन आला. "नमस्कार सहादेव सर, मी संस्कृती." मला आयुष्यात कुणी सर म्हटलं नव्हतं, मी आधी मागं वळून बघितलं. आवाज शांत, वय काही कळेना, बहुतेक माझ्यापेक्षा लहान. म्हणाल्या, "मी तुम्हाला काय करायचं ते सांगणार नाही. तुमची गाडी तुम्हीच चालवायची, मी शेजारी बसेन." मनात म्हटलं, मला ड्रायव्हर पाहिजे होता, शेजारी बसायला आमच्या घरात पुष्कळ आहेत. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, अगदी सोपा. "आत्ता तुम्हाला बसून बोलायला आवडेल की उभं राहून?" आता बघा. बसावं तर पाय आखडतील. उभं राहावं तर लक्ष लागणार नाही. मी विचार करत राहिलो, त्या थांबून राहिल्या, आणि तुम्हाला सांगतो, तो अख्खा फोन मी अर्धा वाकून केला. एक हात चाळीच्या खांबाला, गुडघे वाकलेले. शेवटी त्यांनी विचारलं, "कसं वाटतंय?" म्हटलं, "कंबर दुखतेय." त्या म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी काय करावं, तुम्हाला काय वाटतं?"

फोन ठेवल्यावर मी गोळीचं पाकीट उलटंपालटं करून बघितलं, म्हटलं ह्या बाईंपेक्षा ह्याच्यावर निदान काय करायचं ते लिहिलेलं तरी असतं.

पुढं काय झालं, दादाच्या लिंबाचा तोडा आला. दादा म्हणाला, "तू तर क्वालिटीवाला मानूस. बस हितं. मोठी या क्रेटात, बारकी त्या क्रेटात, डागाची बाजूला. तुझ्यासाठी हे म्हंजी खेळ." मलाही वाटलं, खेळच आहे. रस्त्यावर गावातल्या अमृतचा टेम्पो उभा, त्याला माल घेऊन मार्केटला जायचं. मी सुरुवात केली. मोठं, मोठं, बारकं, मोठं, डाग, बारकं. हात चालायला लागला, बरं वाटलं, वहिनी म्हणाली, "भावजी, तुमचा हात लई चालतो." आणि मग एक लिंबू आलं. धड मोठं नाही, धड बारकं नाही. आणि देठाजवळ मोहरीएवढा ठिपका. डाग असेल की माती? अंगठ्यानं घासलं. गेला नाही. म्हणजे डाग. पण मोहरीएवढ्याला डाग म्हणायचं का? उन्हात धरलं. सावलीत धरलं. अमृतनं हॉर्न दिला. मी म्हटलं, "थांब." त्यानं परत हॉर्न दिला. खाली उतरून आला, माझ्या हाताकडं बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, लिंबू हाय ते. सोनं न्हाई."

खरं होतं त्याचं. पण माझी मूठ मिटली होती.

दादानं आणि वहिनीनं बाकीची लिंबं निवडली, क्रेट चढवले, टेम्पो गेला. मी झाडाखाली तसाच. दादा परत आला. मला वाटलं, आता ओरडणार. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. गावात हा एकच माणूस असेल, ज्यानं त्या दिवसानंतर "दिसत तर न्हाई" म्हणणं सोडलं. शेजारी बसला, ढेकळं फोडली थोडा वेळ, आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे ते तुझ्याजवळ." बस एवढंच.

गुरुवारी मी मॅडमना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग त्या लिंबाचं काय केलंत?" म्हटलं, "खिशात आहे." "आत्ता?" "हो." "कसं दिसतंय?" मी काढून बघितलं. म्हटलं, "वाळलंय जरा." पलीकडं एकदम फुस्स झालं. त्या हसल्या. लगेच म्हणाल्या, "सॉरी सर, माफ करा." आणि मला काय झालं माहीत नाही, मीच हसायला लागलो. चाळीला टेकून, हातात वाळकं लिंबू घेऊन, मी हसतोय. कोंबड्या लांब पळाल्या.

हसणं थांबल्यावर त्यांनी विचारलं, "हे लिंबू खराब निघालं असतं, तर काय झालं असतं, तुम्हाला काय वाटतं?" मी विचार केला. कुणीतरी घरी नेलं असतं. कापलं असतं. पोह्यांवर पिळलं असतं. म्हटलं, "पोहे आंबट झाले असते." "आणि बुश?" असं त्यांनी विचारलं, फार हळू. मी लिंबू परत खिशात ठेवलं. कारण बुश म्हणजे लिंबू नव्हे हो. म्हटलं, "मॅडम, गाडीत माणसं बसतात. पोरंबाळं असतात." त्या म्हणाल्या, "हं." नुसतं "हं." घाई नाही, उपदेश नाही. मी पुढं बोलत गेलो, की माल दुप्पट झाला, की डोळे जळायचे, की घरी आल्यावर वाटायचं आज कुणाच्या गाडीत आपला बुश चाललाय आणि त्यात कोण बसलंय. त्यांनी विचारलं, "ही सगळी माणसं तुम्ही एकटेच सांभाळत होतात?" म्हटलं, "टेबलावर दुसरं होतं कोण?" आणि बोलून झाल्यावर मला कळलं, की हे मी मोठ्यानं आत्ता पहिल्यांदा म्हणतोय. कंपनीत नाही म्हटलं, रेश्माला नाही म्हटलं.

एवढं चांगलं झालं ना? पण माझं हसणं स्वयंपाकघरापर्यंत गेलं होतं.

आत गेलो तर आई दारातच. आईचं नाव राहीबाई, पण ती राहतेय कसली, ती पुढं येते. "कोन हाय ती?" म्हटलं, "कंपनीच्या मॅडम आहेत, आजारपणाचं विचारतात." "आजारपनाचं बोलनं चाळीमागं जाऊन करत्यात व्हय?" "अगं, घरात गडबड असते." "लगीन झालंय का तिचं?" "मला काय माहीत." "मग हासतो कशापायी?" आता याला काय उत्तर देणार? मी म्हटलं, "लिंबावरनं हसलो." आईनं माझ्याकडं असं बघितलं, की माझं दुखणं आता तिला पहिल्यांदाच खरं वाटायला लागलं.

दिवस मावळायच्या आत वहिनीचा रेश्माला फोन गेला, की भावजी दर गुरुवारी एका बाईशी चाळीमागं बोलतात आणि आज तर हसले. गावातही पसरलं, अमृतनं तर टेम्पोबरोबर पुढच्या चार गावांना पोचवलं, की कंपनीत काहीतरी भानगड झाली म्हणून सहादेवला घरी बसवलंय. रेश्माचा फोन आला. मी उचलायचा की नाही हे ठरवेपर्यंत दोनदा वाजून थांबला, तिसऱ्यांदा उचलला. ती म्हणाली, "अहो, तुम्ही हसलात म्हणे?" म्हटलं, "हो... जरासा." लगेच मी म्हटलं, "रेश्मा, त्या कंपनीच्या..." ती म्हणाली, "माहीत आहे मला. किती दिवस झाले तुमचं हसणं ऐकून. त्यांना म्हणावं, पुढच्या गुरुवारी अजून एकदा हसवा." आणि तिनं फोन ठेवला. मी बराच वेळ मोबाईल तसाच कानाला धरून उभा.

पण आई ऐकणारी नव्हती. पुढच्या गुरुवारी फोन आला तर ती माझ्याआधी चाळीमागं येऊन बसलेली, पुढ्यात निवडायला तूर घेऊन. म्हणाली, "मला ऐकू दे." मी फोन स्पीकरवर टाकला आणि मॅडमना सांगितलं, की आई बसलीय. त्या म्हणाल्या, "तुम्हाला चालणार आहे का सर? नाही म्हटलंत तरी चालेल." मी म्हटलं, "मला चालेल, पण तुम्हाला सांगून ठेवतो..." तेवढ्यात आईनं मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला आणि टेलिफोनच्या जुन्या सवयीनं त्यात ओरडली, "कोन बोलतंय?"

"नमस्कार आई, मी संस्कृती. तुम्ही कशा आहात?"

आता हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. पण आपण उत्तरासाठी थांबत नाही. ह्या बाई थांबल्या. आणि आई सुरू झाली. आधी गुडघा. मग दुसरा गुडघा. मग वहिनी भाजीत मीठ कमी टाकते ते. मॅडम म्हणतायत, "हं. मग?" मी शेजारी उभा, माझा गुरुवार माझ्या डोळ्यांसमोर चाललाय. आणि मग आईचा आवाज खाली आला. तूर निवडणारा हात थांबला. म्हणाली, "याचा बा गेला ना, तवा मी उन्हाळाभर आडवी हुते. उठूच वाटंना. भाकरी थापायला बसलं तर पीठ हातात तसंच ऱ्हायचं. बाया म्हनायच्या, काम नगं म्हनून पडलीय. दिसत तर काय न्हाई हिला. मला कुनी इचारलं न्हाई, तुला काय हुतंय. आन् इचारलं असतं तरी मी काय सांगनार हुते, मला तरी कुठं कळत हुतं."

मी तेव्हा नगरला आयटीआयला होतो. मला कुणी कळवलं नव्हतं. मी घरी यायचो तेव्हा ती उठून भाकरी करायची, त्यामुळं मला ती नेहमी उभीच दिसली.

मी पुढ्यातल्या तुरीकडं बघत राहिलो. थोड्या वेळानं आई म्हणाली, "म्हनून म्हनते, याला लवकर उठवू नका." आणि फोन माझ्या हातात दिला. "घे. चांगली हाय पोरगी." मी फोन घेतला तर मॅडम म्हणाल्या, "सर, आपली वेळ संपत आली." मी म्हटलं, "मला अंदाज होता."

यानंतर महत्त्वाची गोष्ट आली, ती म्हणजे मीटिंग. रजा संपत आली होती. फोनवरच एकत्र बोलायचं, एचआरचे साहेब, मुजफ्फरभाई, मॅडम आणि मी. मी मॅडमना म्हटलं, "मी काय बोलू ते तुम्ही सांगून ठेवा, मी पाठ करतो." मला वाटलं एवढं तरी करतील. "कामावर परत जाताना तुम्हाला काय लागेल," त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?" मी चिडलो. खरंच चिडलो. म्हटलं, "मॅडम, तुमच्याकडं दुसरं वाक्य नाही का?" त्या म्हणाल्या, "आहे ना. पण ते माझं असेल." आता यावर काय भांडणार? मी फोन ठेवला आणि बागेत जाऊन आलो. दोनतीन दिवस तेच डोक्यात घेऊन हिंडत होतो.

मीटिंगच्या वेळी मी चाळीमागं. आई पलीकडं, दादा बागेतून मुद्दाम आलेला, वहिनी धुणं वाळत घालतेय, तेही एकच लुगडं पुन्हा पुन्हा. एचआरचे साहेब आधी बोलले. "सहादेव, आम्ही तुमची सोय बघितली आहे. तुम्हाला गेटवर बसवतो. गाडी आली, नोंद करायची. गाडी गेली, नोंद करायची. काही ठरवायचंच काम नाही. बरं?"

माझ्या तोंडापर्यंत "बरं साहेब" आलं होतं. देवाशपथ आलं होतं. किती सोपं होतं. साहेबांनी ठरवलं, मोकळं झालं. ओठ उघडले, तेवढ्यात मॅडमचा आवाज आला. "सहादेव सर, तुम्हाला काय वाटतं?"

आणि मग जी शांतता झाली. मला त्यात सोलापूर रोडचे ट्रक ऐकू येत होते. साहेब म्हणाले, "हॅलो? लाइन गेली का?" मॅडम म्हणाल्या, "आहे लाइन. ते विचार करतायत." साहेब म्हणाले, "अच्छा." परत शांतता. वहिनीचं लुगडं हातातच राहिलं. साहेब खाकरले. मॅडम काही बोलेनात. मी मनात म्हटलं, ह्या बाई माझ्यासाठी थांबल्यात आणि माझ्यासाठी अख्ख्या कंपनीला थांबवून धरलंय, आता बोल बाबा.

म्हटलं, "साहेब, मला गेटवर नको. मला ते काम येतं, मला टेबलावरच यायचंय." तसंच पुढं रेटलं, "पण टेबलावर दोन माणसं पाहिजेत. सुरुवातीला मला अर्धी पाळी द्या. आणि... आणि एक तिसरा ट्रे पाहिजे. पिवळा. ज्या बुशाचं ठरत नाही तो त्यात ठेवणार. मग दुसरा माणूस बघेल. प्रत्येक वेळी मीच ठरवलं पाहिजे असं नको."

साहेब म्हणाले, "तिसरा ट्रे म्हणजे सहादेव, सगळी सिस्टिम बदलावी लागते." तेव्हा इतका वेळ गप्प असलेले मुजफ्फरभाई बोलले, त्यांच्या त्या नेहमीच्या आवाजात, की आईनं दचकून मोबाईलकडं बघितलं. "साहेब, ट्रे मी देतो. माणूस तुम्ही द्या."

दादानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, आमच्यात तेवढंच असतं.

तर गेलो परत. अर्धी पाळी मिळाली. पिवळा ट्रे मिळाला, म्हणजे मुजफ्फरभाईंनी कुठनं तरी एक घमेलं आणून स्वतः पिवळा रंग मारला, दोन दिवस हाताला चिकटत होता. दुसरा माणूस अजून प्रोसेसमध्ये आहे. प्रोसेसमध्ये म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. तोपर्यंत पाळीच्या शेवटी मुजफ्फरभाईच स्टूल ओढून बसतात आणि घमेल्यातले बुश बघतात. पहिल्या दिवशी घमेलं भरून वाहिलं. त्यांनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली. आता घमेलं कमी भरतं. कधी कधी हात अजून थांबतो, मग मी तो बुश पिवळ्यात टाकतो आणि पुढचा घेतो. आणि आमची माणसं कशी असतात बघा, एकानं परवा डब्यातली भाजी आणून त्यात ठेवली. म्हटलं, हे काय? म्हणाला, "ठरत नाहीये." कँटीनमध्ये एकेक जण हळूच शेजारी येऊन बसतो, इकडंतिकडं बघतो आणि विचारतो, "ही रजा मिळायला डॉक्टरला नेमकं काय सांगावं लागतं रे?" पहिल्यांदा वाटायचं चेष्टा करतात. मग बघितलं, तर विचारणाऱ्यातले निम्मे चेष्टा करत नव्हते.

आमचं कुलूप? एकदा ओढून बघतो. फार तर दोनदा. रेश्मा खाली गाडीवर बसून राहते, वर बघत नाही. पूर्वी बघायची.

कामावर आल्यावरही मॅडमचे फोन थोडे दिवस चालू होते, मग शेवटचा आला. म्हणाल्या, "सर, आजचा आपला शेवटचा गुरुवार. काही विचारायचंय?" मी म्हटलं, "एकच. मी आता बरा आहे का?" आणि मी तयारच होतो, आता काय येणार ते मला पाठ होतं. पण त्या म्हणाल्या, "आज माझं सांगू? मला वाटतं, हो." मी म्हटलं, "एवढ्या लगेच? नीट तपासलंत का?" त्या हसल्या, मीही हसलो, आणि फोन संपला. संपल्यावर घरात कसं तरीच वाटलं. लग्नघरातला मांडव काढल्यावर वाटतं तसं.

पण खरं जड गेलं ते आईला. सुविधा कंपनीच्या माणसापुरती, ती बंद झाली, हे तिला पटेना. "मग माझं काय? गुरवारी पोरगी बोलायची की." बोलायची म्हणजे त्या तुरीच्या दिवसापासून दर गुरुवारी शेवटी दोन मिनिटं आई फोन घ्यायची, नगरला आल्यावर मी जोडून द्यायचो, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. दोन मिनिटं म्हणजे आईची दोन मिनिटं. म्हटलं, "आई, मी करेन फोन दर गुरुवारी."

केला मी गुरुवारी. कामावरून आलो, हातपाय धुतले, ताट पुढं घेतलं, फोन स्पीकरवर ठेवला. "आई, कशी आहेस?" आणि थांबलो. तिनं सुरुवात केली, गुडघा. मी म्हटलं, "अगं, कर्जतला चांगले डॉक्टर आहेत, दादाला सांगतो, उद्याच..." आई म्हणाली, "गप. तिनं कवाच डाक्टर सांगितला न्हाई." गप बसलो. दुसरा गुडघा झाला. वहिनीचं मीठ झालं. मग एकदम वडिलांची गोष्ट काढली, मी कधी न ऐकलेली, की त्यांना चहात गूळच लागायचा आणि तो ते स्वतः लपवून ठेवायचे. रेश्मा जेवायची थांबून ऐकत होती. आमटीवर साय आली. भाकरी वातड झाली. मी हं, हं, म्हणत राहिलो. शेवटी मोठा श्वास घेतल्याचा आवाज आला.

"बरं वाटलं," आई म्हणाली. "आता पुढच्या गुरवारी फोन केलास, तर मदी मदी ते हं हं असं खोकू नगं."

बरं म्हटलं.